डिस्क प्लेअर आणि प्रीॲम्प प्रोसेसर: जोडणी, सेटिंग आणि नेहमीच्या अडचणी

केबल विकत घेण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. डिस्कवरच्या डिजिटल माहितीचे ॲनालॉग सिग्नलमध्ये रूपांतर कुठे करायचे, प्लेअरमध्ये की प्रोसेसरमध्ये (प्लेअरचा आवाज घेऊन, जुळवून पुढे ॲम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या यंत्रात)? हे रूपांतर एकदाच व्हावे, आणि स्पीकरची अंतरे, क्रॉसओव्हर (खर्ज सबवूफरकडे आणि बाकीचा आवाज स्पीकरकडे वाटणे), रूम करेक्शन (खोलीमुळे आवाजात येणारे दोष सुधारणे) ही कामेही एकाच यंत्राकडे असावीत. कोणती केबल लावायची, कोणत्या मेन्यूत काय निवडायचे, हे सगळे यावरून ठरते. हा निर्णय न घेता दिसेल त्या सॉकेटमध्ये केबल खोचली, की एकच काम दोन यंत्रे करू लागतात किंवा कुणीच करत नाही, आणि मग आवाज का बिघडला ते सापडत नाही.

बहुतेक घरांत हे काम प्रोसेसरकडेच द्यावे. सबवूफर जुळवणे, प्रत्येक स्पीकरचा विलंब सांभाळणे, खोलीचे दोष कमी करणे यासाठीच तो घेतलेला असतो. प्लेअरने डिस्कवरचा डेटा जसाच्या तसा पोचवला की त्याचे काम संपले. अपवाद दोनच. पहिला, एचडीएमआय नसलेला जुना प्रोसेसर. दुसरा, प्लेअरमधला कन्व्हर्टर (हे रूपांतर करणारा भाग) खरोखर चांगला आहे आणि त्यावर मुख्यतः दोन स्पीकरचे संगीत ऐकायचे आहे.

दुसऱ्या अपवादात एक खाच आहे. बरेच प्रोसेसर ॲनालॉग इनपुटवर आलेला सिग्नल लगेच पुन्हा डिजिटल करतात, कारण क्रॉसओव्हर आणि रूम करेक्शन डिजिटल भागातच चालतात. म्हणजे प्लेअरच्या उत्तम कन्व्हर्टरमधून निघालेला आवाज पुन्हा डिजिटल होतो आणि प्रोसेसरच्या कन्व्हर्टरमधूनच बाहेर पडतो. प्लेअरचा कन्व्हर्टर खरोखर ऐकायचा तर त्या इनपुटसाठी ॲनालॉग बायपास किंवा प्युअर डायरेक्ट मोड लावावा लागतो. साधा ‘डायरेक्ट’ मोड काही यंत्रांत फक्त टोन कंट्रोल वगळतो, डिजिटल फेरी तशीच राहते. मॅन्युअलमध्ये हे तपासून घ्या. खऱ्या बायपासमध्ये सबवूफरकडे काहीच जात नाही, त्यामुळे लहान स्पीकर असतील तर खर्जाचा भाग गायब होतो. मोठे स्पीकर असतील तरच हा मार्ग शोभतो.

कोणत्या डिस्कसाठी कोणती वाट

सीडीवर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचा दोन चॅनेलचा पीसीएम (न दाबलेला डिजिटल आवाज) असतो. तो कोॲक्शियल, ऑप्टिकल, एचडीएमआय अशा कोणत्याही वाटेने अखंड जातो. डीव्हीडी चित्रपटावरचे डॉल्बी डिजिटल आणि डीटीएस हेही कोॲक्शियल किंवा ऑप्टिकलमधून जातात, कारण ते दाबून लहान केलेले असतात.

त्यापुढचे काहीही या दोन केबलमध्ये मावत नाही. कोॲक्शियल आणि ऑप्टिकल यांवर दोन चॅनेलचा पीसीएम किंवा दाबलेला ५.१ (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) आवाज एवढेच जाते. ब्लू-रेवरचे डॉल्बी ट्रूएचडी आणि डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओ या मोठ्या, काहीही न गाळलेल्या ट्रॅकना एचडीएमआयच लागते. ऑप्टिकल लावली तर आवाज येतो, पण तो डिस्कवरचा लहान, दाबलेला ट्रॅक असतो. काहीच चुकल्यासारखे वाटत नाही, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे तशीच राहते.

एसएसीडीवरचा (सुपर ऑडिओ सीडीवरचा) डीएसडी हा डिजिटल आवाज (१ बिट, २.८२२४ मेगाहर्ट्झ) कोॲक्शियल किंवा ऑप्टिकलमधून बाहेर देण्याची परवानगीच नाही. हायब्रिड डिस्क (एसएसीडी आणि सीडी असे दोन थर असलेली) लावून ऑप्टिकलवर आवाज मिळत असेल तर तो बहुधा तिच्या सीडीच्या थराचा आहे. डीव्हीडी-ऑडिओचेही तसेच: या केबलवर बहुतेक प्लेअर ती ४८ किलोहर्ट्झपर्यंत खाली आणून, दोनच चॅनेल देतात. या दोन्ही डिस्कसाठी एचडीएमआय किंवा बहुचॅनेल ॲनालॉग, एवढेच पर्याय आहेत.

प्रोसेसर जुना असेल तर त्याच्या एचडीएमआयची आवृत्ती पाहा. १.१ (२००४) पासून डीव्हीडी-ऑडिओ, १.२ (२००५) पासून डीएसडी, आणि १.३ (२००६) पासून ट्रूएचडी व डीटीएस-एचडी बिटस्ट्रीम (न उलगडलेला मूळ ट्रॅक) जाऊ शकतात. मात्र आवृत्तीत सोय असणे आणि त्या यंत्रात ती दिलेली असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. १.१ चा प्रोसेसर ट्रूएचडी उलगडू शकत नाही म्हणून निराश होण्याचे कारण नाही. तो बहुचॅनेल पीसीएम घेत असेल तर प्लेअरला ट्रूएचडी उलगडायला लावा आणि पीसीएम पाठवा. ट्रूएचडीत काही गाळलेलेच नसते, त्यामुळे उलगडण्याचे काम कुणीही केले तरी निकाल तोच.

एचडीएमआय जोडणी

दोन्ही यंत्रे बंद करा. प्लेअरचा एचडीएमआय आउट प्रोसेसरच्या एचडीएमआय इनपुटला आणि प्रोसेसरचा मॉनिटर आउट टीव्हीला जोडा. ४के डिस्क असेल तर १८ गिगाबिटची प्रमाणित ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल घ्या. ३ मीटरपर्यंत सहसा त्रास होत नाही. ५ मीटरच्या पुढे साधी तांब्याची केबल ४के एचडीआरवर (उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या चित्रावर) डळमळू लागते. तिथे ॲक्टिव्ह ऑप्टिकल एचडीएमआय केबल वापरा, पण तिला दिशा असते. सोर्स लिहिलेले टोक प्लेअर किंवा प्रोसेसरच्या आउटपुटला, डिस्प्ले लिहिलेले टोक टीव्हीला. उलटी लावली तर केबल बिघडत नाही, फक्त पडदा काळा राहतो.

पहिल्यांदा चालू करताना आधी टीव्ही, मग प्रोसेसर, शेवटी प्लेअर असा क्रम ठेवा. प्लेअर चालू होताना पुढची यंत्रे काय स्वीकारतात ते विचारतो. त्या वेळी प्रोसेसर बंद असेल तर काही प्लेअर टीव्हीचे स्टिरिओ उत्तर खरे मानतात आणि दोनच चॅनेल पाठवत राहतात.

प्रोसेसरच्या मेन्यूत इनपुट असाइन उघडा. ज्या सॉकेटला केबल आहे ते त्याच सोर्सच्या नावाला दिलेले आहे ना, ते बघा. त्याच नावाला एखादे कोॲक्शियल सॉकेट आधीपासून जोडलेले असेल तर ते काढा, नाहीतर ऑटो मोड कधी इकडून तर कधी तिकडून आवाज उचलेल. ४के प्लेअरसाठी त्या सॉकेटचे ४के सिग्नल फॉरमॅट ‘एन्हान्स्ड’ करा. ‘स्टँडर्ड’वर एचडीआर गळतो.

आता प्लेअरचा मेन्यू. बहुतेक दोष इथेच लपलेले असतात.

एचडीएमआय ऑडिओ ‘बिटस्ट्रीम’वर ठेवा. डॉल्बी ॲटमॉस ब्लू-रेवर ट्रूएचडीच्या आत आणि डीटीएस:एक्स हे डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओच्या आत बसलेले असते. प्लेअरने ते पीसीएम केले की वरच्या स्पीकरसाठीची माहिती वाटेतच गळून पडते.

सेकंडरी ऑडिओ, किंवा काही मेन्यूंत ‘बीडी ऑडिओ मिक्स’, बंद करा. ॲटमॉस दिसत नाही अशा तक्रारींचे हे सगळ्यात मोठे कारण. ही सोय चालू असली की मेन्यूचे आवाज आणि दिग्दर्शकाचे भाष्य मूळ ट्रॅकमध्ये मिसळण्यासाठी प्लेअरला आधी सगळे उलगडावे लागते आणि मग तो साधे डॉल्बी डिजिटल, डीटीएस किंवा पीसीएम पुढे पाठवतो. ते भाष्य ऐकायचे नसेल तर चित्रपट चालू असताना या मिसळीचा काहीही उपयोग नसतो.

डायनॅमिक रेंज कंट्रोल प्लेअरमध्ये बंद करा, आणि प्रोसेसरमध्येही. ‘ऑटो’वर ठेवल्यास ट्रूएचडी ट्रॅकमधल्या खुणांनुसार जोरकस प्रसंग दाबले जातात. डाउनसॅम्पलिंग (सॅम्पलिंग दर खाली आणणे) बंद. प्लेअरमधले स्पीकर सेटिंग सर्व ‘लार्ज’, सबवूफर ‘ऑन’, अंतरे सगळी सारखी. काही प्लेअर हे सेटिंग एचडीएमआयच्या पीसीएमलाही लावतात. तिथे ‘स्मॉल’ राहिले तर प्लेअर आणि प्रोसेसर दोघेही क्रॉसओव्हर लावतात आणि ८० हर्ट्झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो.

शेवटी डिस्क लावून प्रोसेसरच्या रिमोटवरचे इन्फो बटण दाबा. कानापेक्षा या पडद्यावर विश्वास ठेवा. तिथे ट्रूएचडी, डीटीएस-एचडी, डीएसडी किंवा पीसीएम आणि सॅम्पलिंग दर दिसतो. अपेक्षेपेक्षा वेगळे काही दिसले तर दोष प्लेअरच्या मेन्यूत किंवा निवडलेल्या ट्रॅकमध्ये आहे. काही डिस्कवर उत्तम ट्रॅक आपोआप निवडला जात नाही, डिस्कच्या ऑडिओ मेन्यूत जाऊन निवडावा लागतो.

प्रोसेसर ४के पुढे पाठवत नसेल तर

चांगला पण जुना प्रोसेसर फक्त चित्रासाठी बदलायची गरज नाही. अनेक ४के प्लेअरना दोन एचडीएमआय आउट असतात. ओप्पोचा यूडीपी-२०३, पॅनासोनिकचा डीपी-यूबी८२० आणि सोनीचा यूबीपी-एक्स८०० ही त्याची उदाहरणे. मुख्य आउट थेट टीव्हीला आणि ऑडिओसाठीचा दुसरा आउट प्रोसेसरला द्यायचा. मग ४के चित्राला लागणारे एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारे डिजिटल कुलूप) प्रोसेसरला कळण्याचा प्रश्नच येत नाही.

ऑडिओच्या आउटमधूनही काळे चित्र जातच असते, कारण एचडीएमआयमध्ये आवाज चित्राच्या ओळींमधल्या रिकाम्या जागेत बसवलेला असतो. म्हणूनच त्या आउटचे रिझोल्यूशन निवडता येत असेल तर ७२०पी किंवा १०८०पी ठेवा. ४८०पीवर रिकामी जागा इतकी कमी असते की उच्च दराचा बहुचॅनेल आवाज मावत नाही. तो तुटतो किंवा स्टिरिओ होतो. या मांडणीत प्रोसेसरचा स्वतःचा मेन्यू पाहण्यासाठी त्याचा आउट टीव्हीच्या दुसऱ्या इनपुटला जोडून ठेवावा.

प्लेअरला एकच आउट असेल तर प्लेअर टीव्हीला आणि टीव्हीचा ईएआरसी (टीव्हीकडून आवाज परत पाठवणारी एचडीएमआयची सोय) प्रोसेसरला, असा मार्ग उरतो. त्यासाठी टीव्ही आणि प्रोसेसर दोघांनाही ईएआरसी हवे. साध्या एआरसीवर ट्रूएचडी जात नाही.

एसएसीडी

प्लेअरमध्ये दोन ठिकाणी निवड करायची असते. एक, कोणता थर वाचायचा: मल्टि, स्टिरिओ की सीडी. दुसरी, एचडीएमआयवर डीएसडी पाठवायचा की पीसीएम. डीएसडी पाठवला की शुद्धता वाचली असे वाटते, पण रूम करेक्शन आणि क्रॉसओव्हरसाठी बहुतेक प्रोसेसर त्याचे आधी पीसीएमच करतात. काही प्रोसेसर डीएसडी तसाच ठेवतात, पण मग त्यावर रूम करेक्शन चालत नाही. स्पीकर लहान असतील आणि सबवूफर असेल तर प्लेअरमधून पीसीएम घेणे जास्त भरवशाचे. इन्फो पडद्यावर ८८.२ किंवा १७६.४ किलोहर्ट्झ दिसले पाहिजे, कारण डीएसडीचा दर ४४.१ च्या पटीत आहे. ४८ किंवा ९६ दिसले तर वाटेत कुणीतरी दर बदलला आहे.

एसएसीडी सीडीपेक्षा कमी आवाजात वाजते म्हणून दोष शोधत बसू नका. डीएसडीची संदर्भ पातळी पीसीएमच्या कमाल पातळीपेक्षा ६ डेसिबल खाली येते. काही प्लेअरमध्ये ही ६ डेसिबल भरून काढणारे सेटिंग असते. ते लावल्यावर जोरदार भागांत आवाज फाटत नाही ना, हे ऐकून घ्या.

बहुचॅनेल ॲनालॉग

प्रोसेसरला एचडीएमआय नसेल आणि ७.१ इनपुट असेल, तर प्लेअरने सगळे उलगडून आठ आरसीए (साध्या ऑडिओ) केबलने पाठवायचे. इथे निर्णय उलटा झाला: रूपांतर प्लेअरमध्ये, म्हणून स्पीकरचे सगळे सेटिंगही प्लेअरमध्येच. अशा इनपुटवर बहुतेक प्रोसेसर आवाजाची पातळी सोडून कशालाही हात लावत नाहीत. आधी केलेले रूम करेक्शन इथे लागू होत नाही.

आठ केबल हाताळताना रंगांचा प्रघात पाळा: पुढचा डावा पांढरा, पुढचा उजवा लाल, सेंटर हिरवा, सबवूफर जांभळा, सराउंड डावा निळा, सराउंड उजवा राखाडी, मागचा डावा तपकिरी, मागचा उजवा फिकट तपकिरी. केबल साध्या असल्या तरी दोन्ही टोकांना रंगीत चिकटपट्टी लावा. सेंटर आणि सबवूफर यांची अदलाबदल ही नेहमीची चूक आहे. संवाद नुसते घुमल्यासारखे येऊ लागले की तेच झाले समजा.

प्लेअरच्या मेन्यूत मोठे स्पीकर ‘लार्ज’, बाकीचे ‘स्मॉल’ करा आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झपासून सुरू करा. अंतरे टेपने मोजून भरा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे १ मीटरचा फरक जवळजवळ ३ मिलिसेकंदांचा. मग प्लेअरचा टेस्ट टोन लावून, बसण्याच्या जागी कानाच्या उंचीवर आवाज मोजण्याचे मीटर धरून (सी वेटिंग, स्लो), प्रत्येक स्पीकर ७५ डेसिबलवर आणा. हे काम प्लेअरच्या टोननेच करायचे. प्रोसेसरचा टोन या वाटेने जातच नाही.

सबवूफरसाठी वेगळा विचार हवा. डिस्कवर एलएफई (खास खर्जाच्या परिणामांचा) चॅनेल मुद्दाम १० डेसिबल खाली ठेवलेला असतो आणि वाजवताना तो वर उचलायचा असतो. डिजिटल वाटेने प्रोसेसर हे स्वतःच करतो. ॲनालॉगमध्ये मात्र प्लेअर बहुधा उचलत नाही, कारण तेवढ्यासाठी त्याच्या आउटपुटमध्ये जागा नसते. प्रोसेसरनेही सोडून दिले तर स्फोटांचे प्रसंग पोकळ वाटतात. प्रोसेसरच्या मेन्यूत बाह्य इनपुटची सबवूफर पातळी ०, ५, १०, १५ अशी मिळत असेल तर १० पासून सुरुवात करा. दोघांनीही उचलले तर सगळेच गुरगुरू लागेल. सबवूफरच्या मागच्या नॉबने ही कसर भरू नका. त्याने बाकीच्या सगळ्या सोर्सची जुळणी बिघडते.

फक्त सीडी प्लेअर

७५ ओहमची कोॲक्शियल केबल उत्तम. लाल-पांढऱ्या साध्या ऑडिओ केबलनेही आवाज येतो, पण तिचा इम्पिडन्स जुळत नाही, आणि लांबी वाढली की सिग्नल मधूनमधून तुटू शकतो. ऑप्टिकल लावताना दोन्ही टोकांवरची प्लास्टिकची टोपी काढा आणि केबलला कोपऱ्यात तीव्र वाकवू नका.

प्लेअरमध्ये डिजिटल व्हॉल्यूम असेल तर ‘फिक्स्ड’ करा. डीटीएस सीडी (डीटीएस आवाज भरलेली सीडी) हा त्याचा उत्तम कस आहे: तिच्यातला एकही बिट बदलला की प्रोसेसरला डीटीएस ओळखता येत नाही आणि स्पीकरमधून मोठा खरखराट बाहेर पडतो. ॲनालॉग वाटेने ती लावली तरी हेच होते, तेव्हा आवाज कमी ठेवूनच सुरू करा.

ॲनालॉगने जोडायचे तर फोनो (रेकॉर्ड प्लेअरसाठीचा इनपुट) सोडून कोणताही लाइन इनपुट चालतो. सीडी प्लेअरचा पूर्ण जोर सुमारे २ व्होल्ट असतो, फोनो इनपुट काही मिलिव्होल्टसाठी बनवलेला असतो. तिथे आवाज फाटतो आणि खर्जही बेढब फुगतो. एक्सएलआरवर (तीन पिनांच्या बॅलन्स्ड जोडणीवर) साधारण ४ व्होल्ट येतात, म्हणजे ६ डेसिबल जास्त. म्हणून एक्सएलआर ‘जास्त जिवंत’ वाटते. पातळी सारखी केल्याशिवाय तुलना करू नका. जोरदार भागात आवाज फाटत असेल तर प्रोसेसरचे इनपुट ॲटेन्युएटर लावा.

अडचण आली तर

सतत गुणगुण येत असेल तर ती बहुधा ग्राउंड लूपची (यंत्रांच्या अर्थिंगमधून फिरणाऱ्या विजेची) आहे. टीव्हीची अँटेना किंवा केबलची तार काढून पाहा. गुणगुण थांबली तर त्या तारेवर आयसोलेटर लावा. सगळी यंत्रे एकाच प्लगबोर्डवर घ्या. ऑप्टिकल केबलने दोन यंत्रांमधला विजेचा संबंध तुटतो, त्यामुळे शोधासाठी ती उपयोगी पडते. प्लगची अर्थिंग पिन मात्र कधीही तोडू नका, त्यात जिवाला धोका आहे.

दर काही मिनिटांनी क्षणभर आवाज आणि चित्र दोन्ही जात असेल तर केबल बदला. फक्त आवाज जात असेल तर आधी सेटिंग तपासा. गाण्याचा पहिला क्षण गिळला जात असेल तर प्रोसेसर नवा दर ओळखायला वेळ घेतो आहे. प्लेअरचे पीसीएम आउटपुट कायम ठेवल्यास हा त्रास बराच कमी होतो. टीव्ही बंद केल्यावर संगीत थांबत असेल तर दोन्ही यंत्रांतले एचडीएमआय कंट्रोल बंद करून पाहा.

ओठ आणि आवाज जुळत नसतील तर दोन एचडीएमआयच्या मांडणीत ते अपेक्षितच आहे: प्रोसेसरला टीव्हीचा विलंब कळत नाही. संवादाचा जवळून घेतलेला प्रसंग लावून ऑडिओ डिले ० पासून १० मिलिसेकंदांच्या टप्प्याने वाढवत न्या. बऱ्याच प्रोसेसरमध्ये हे मूल्य प्रत्येक इनपुटसाठी वेगळे साठवले जाते, त्यामुळे सीडीच्या इनपुटवर ते ० राहू द्या.